आत ओढलेला होकार

स्टॉकहोम, ९ मे १९६१

प्रिय हिल्दूर,

आधी हे सांगते की कुणी मेलेलं नाही. इतक्या वर्षांनी माझ्या अक्षरातलं पाकीट बघून तू ते फोडायच्या आधी खुर्ची ओढून बसशील, म्हणून म्हटलं. ऊठ, आणि चुलीवर दूध असेल तर ते बघ.

झालंय एवढंच की माझ्या घशात एक गाठ निघाली. जवाच्या दाण्याएवढी. गेल्या शुक्रवारी डॉक्टर थुलीन यांनी ती काढून टाकली. किरकोळ गोष्ट आहे, गाणाऱ्यांना होते. तुझ्या हाताला दूध काढून घट्टे पडतात, तसे आमच्या गळ्याला पडतात. फक्त आता मला बोलायला बंदी आहे. कुजबुजायलासुद्धा. कुजबुजणं बोलण्यापेक्षाही वाईट, असं डॉक्टर म्हणतात. खाकरायचं नाही, गुणगुणायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही. जूनमधला मिडसमरचा सण होऊन जाईपर्यंत तोंडाला कुलूप. मग ते पुन्हा घशात आरसा घालून बघणार आणि सांगणार, आता बोला.

तू म्हणशील, मग मला कशाला लिहितेस? त्याचं असं आहे की इथली माझी सगळी माणसं फोनवरची आहेत. नाटकवाले, सिनेमावाले, रेडिओवाले, सगळे. फोन बंद झाला आणि शनिवारपर्यंत माझ्या लक्षात आलं की मला कुणीच उरलेलं नाही. ज्याला पत्र लिहावं असं माणूस शोधायला बसले, तर तूच आठवलीस. आणि तू तर माझ्याशी बोलतच नाहीस. म्हणजे आता आपण दोघी बरोबरीत.

उत्तर पाठवायलाच हवं असं नाही.

टीरा

स्टॉकहोम, २० मे

प्रिय हिल्दूर,

उत्तर आलं नाही. ठीक आहे, मीच तसं लिहिलं होतं.

मुकं झालं की लोक आपल्याला बहिरंही समजतात, हे मला माहीत नव्हतं. ओडेनबाई (त्या नाटकात माझे कपडे सांभाळतात आणि घरी माझा जीव सांभाळतात) सकाळपासून माझ्या कानाशी ओरडत असतात, "टीरा! मासळी! आणू! का?" मी मान हलवली तरी पुन्हा ओरडतात. गळ्यात पाटी अडकवून फिरते मी. काल पाटीवर लिहिलं, "मी ऐकू शकते." त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि पुन्हा ओरडूनच म्हणाल्या, "अगो बाई, हो की!"

परवा हॅलग्रेन येऊन गेला. स्टूरे हॅलग्रेन, आमच्या थिएटरचा मालक आणि दिग्दर्शक. फुलं आणली होती. फुलं आणली की समजायचं, वाईट बातमी आहे. दालचिनीच्या बिस्किटांचा डबा एकट्याने संपवला आणि मग म्हणाला, "टीरा, तुझ्यावर माझा किती जीव आहे तुला ठाऊक आहे. पण सप्टेंबरात पडदा वर जायचाच आहे. जूनच्या अखेरीपर्यंत मी थांबतो. तोवर आवाज आला नाही, तर मला वेंडेलाला विचारावं लागेल."

वेंडेला सव्वीस वर्षांची आहे. तिला आवाज आहे, कंबर आहे, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी डोळे मिटायची सवय आहे.

तुला हे सांगायला हवं, कारण तू विचारणार नाहीस. ही भूमिका म्हणजे माझी पहिली खरी भूमिका आहे. सिनेमांत मी जन्मभर कॉफीचा ट्रे घेऊनच आले. दार उघडतं, टीरा रेन ट्रे घेऊन येते, काहीतरी फटकळ बोलते, लोक हसतात, टीरा रेन जाते. ऑपेरेटांत मी नायिकेची मैत्रीण. तिचं लग्न होतं आणि मी टाळ्या वाजवते. उन्हाळ्यात गावोगावच्या पार्कांतून दौरा: रोज नवं गाव, एका हातात मायक्रोफोन, दुसऱ्या हाताने डास मारायचे, आणि गाताना एखादा गिळला तर हसत गिळायचा. आणि आता, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा नाटक माझ्याभोवती फिरणार होतं. जहाजावरच्या खानावळीची मालकीण. पाच गाणी. शेवटच्या गाण्यात एक असा वरचा सूर आहे की तो लागला की अख्खं थिएटर उभं राहील.

पहिल्या पत्रात किरकोळ म्हणाले होते, ते खोटं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आवाज परत येईलही आणि नाहीही. मला फार भीती वाटते, हिल्दूर. दिवसभर घशाला हात लावून बसते, जसं काही तो कुठे निघून जाणार आहे.

टीरा

स्टॉकहोम, २९ मे

प्रिय हिल्दूर,

तुझं कार्ड पोचलं. ते जसंच्या तसं उतरवून काढते, म्हणजे तुझ्याही ध्यानात येईल: "इथे शांत आहे. लिकसेलेहून बस चारला सुटते. हिल्दूर."

ओडेनबाईंना दाखवलं. त्यांनी वाचलं, उलटं केलं, मागे आणखी काही आहे का बघितलं, आणि म्हणाल्या, "ही तुमची सख्खी बहीण?"

शुक्रवारच्या गाडीने निघतेय. स्वागताला येऊ नकोस. येणार नाहीस हे माहीत आहे, तरी लिहायची पद्धत असते.

टीरा

ग्रानलीडेन, ४ जून, स्वयंपाकघरातलं टेबल

हिल्दूर,

तू गोठ्यात आहेस. खिडकीतून मला तुझी पाठ आणि गायीचं शेपूट दिसतंय. काल रात्रीपासून आपण दोघींनी मिळून एक शब्द बोललेला नाही. मला बंदी आहे, तुझं काय ते तुला माहीत. बशीतून कॉफी प्यायलो, कॉफीत चीजचे तुकडे टाकले, ते फुगले, खाल्ले, तू उठलीस, मी उठले, संपलं. ओडेनबाई असत्या तर ओरडून मेल्या असत्या.

पण बसमध्ये काय झालं ते तुला सांगायलाच हवं, म्हणून लिहितेय.

लिकसेलेला बस निघाली, आणि ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे सारखा बघतोय. मला वाटलं, ओळखलं असणार. सिनेमातली, रेडिओवरची, पोस्टरवर रेन नाव लावणारी. मी जरा टोपी नीट केली. तर तो म्हणतो, "तू ग्रानलीडेनच्या रिसबेर्गांची धाकटी ना?"

पाटी पिशवीत तळाला होती. आणि माझ्या नकळत, काही ठरवायच्या आत, ओठांचा चंबू झाला आणि मी श्वास आत ओढला: श्शुप्.

आपला उत्तरेकडचा हो! आत ओढलेला! आबा खुर्चीत बसून द्यायचे तो, आई सुई तोंडात धरून द्यायची तो. चोवीस वर्षांत मी तो खऱ्या आयुष्यात एकदाही दिला नव्हता. तुला ठाऊक नसेल, पण स्टॉकहोमला गाण्याच्या पहिल्या तालमीला प्रोफेसर वेस्टबेर्गनी विचारलं होतं, "आपण इथे नेहमी येणार का?" मी म्हटलं, श्शुप्. त्यांनी खिडकी उघडली आणि विचारलं, "दमा आहे का मुलीला?" सगळा वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर मी आरशासमोर उभी राहून बाहेर पडणारा हो शिकत होते. इतकी शिकले की नंतर आत ओढलेला हो मला फक्त सोंग म्हणून काढता यायचा.

आणि इथे ड्रायव्हरने नुसती मान डोलावली आणि गिअर टाकला. मागच्या बाकावरच्या म्हातारीने विचारलं, "हिल्दूर बरी आहे ना?" श्शुप्. "मुक्काम आहे का?" श्शुप्. "दिसतेस रोड." श्शुप्. अख्खा प्रवास मी गप्पा मारत आले! आणि डॉक्टरांचा एकही नियम मोडला नाही. श्वास घ्यायला कुणाची बंदी आहे?

आता मुद्द्याचं. कागदावर सोपं जातं.

मघाशी सोंग म्हटलं ना, ते आगदा मावशीचं. रेडिओवरची माझी आगदा. डोक्याला रुमाल, हातात कॉफीची किटली, प्रत्येक प्रश्नाला श्शुप्. अख्खा देश शनिवारी संध्याकाळी तिच्यावर हसतो. माझ्या गाण्यांपेक्षा लोकांना तीच जास्त आवडते. तिचा रुमाल तुझा आहे, तिची किटली तुझी आहे, आणि "कॉफी केलीय, पण कुणावर बळजबरी नाही" हे वाक्य तर तुझंच आहे. आठ वर्षांपूर्वी आगदा सुरू झाली आणि तुझी पत्रं बंद झाली. मी दुधखुळी नाही. नाताळला कार्ड येतं त्यावर फक्त नाव असतं. त्याच वर्षी नाटकाच्या पहिल्या प्रयोगाची तिकिटं पाठवली तर पोच नाही. मला सुचलंच नाही काय करावं, आणि आगदा बंद करणं परवडणारं नव्हतं.

तर मला सांग, तू त्यामुळेच माझ्याशी बोलत नाहीस का? तोंडी सांग. मला ऐकू येतं.

टीरा

ग्रानलीडेन, ५ जून

हिल्दूर,

तू काल जे बोललीस ते मी उतरवून ठेवतेय. तुझ्यासाठी नव्हे. उद्या तू म्हणशील मी असं काही म्हटलंच नाही, आणि माझ्याकडे साक्षीदार म्हणून फक्त गायी आहेत.

तू दूध काढून आलीस. चष्मा लावलास, पत्र वाचलंस, पुन्हा वाचलंस. घडी घालून साखरेच्या डब्याखाली ठेवलंस. कॉफी ओतलीस. आणि साखरेचा खडा दातांत धरून म्हणालीस, "मी बोलत नाही, असं कोण म्हणालं?"

मी चमचा टेबलावर आपटला.

"भांड्यांवर कशाला राग? बोलायसारखं काही नव्हतं. गाय व्याली, बर्फ पडलं, बर्फ वितळलं. हे तुला तिथे कळवू?"

मी हवेत कार्ड काढून दाखवलं. नाताळचं.

"नाव लिहिलं होतं की! म्हणजे मी जिवंत आहे. आणखी काय लिहितात त्याच्यावर?"

मग तू बराच वेळ कॉफी ढवळलीस. मला वाटलं, आता येणार. आगदाचं आता येणार. मी खुर्चीची कड घट्ट धरली होती. तू म्हणालीस, "ती तुझी आगदा."

श्शुप्, म्हणाले मी.

"दर शनिवारी ऐकते. हेलमेरसुद्धा दुकान लवकर बंद करून ऐकतो. बाई चांगली आहे. पण ती आपल्याकडची नव्हे."

मी कप खाली ठेवला.

"तिचा हो लांब आहे. इतका लांब श्वास किनाऱ्यावरचे लोक ओढतात. तिकडे हवा ओली असते. आपल्याकडे एवढं तोंड उघडं ठेवलं तर थंडी शिरते. आखूड हवा. हा असा." आणि तू करून दाखवलास. "मला पहिल्याच शनिवारी खटकलं होतं. म्हटलं, कळवावं. पण एवढ्याशा गोष्टीसाठी फोन कोण करतं?"

"तिकिटं," मी पाटीवर लिहिलं. इतकं दाबून लिहिलं की खडू मोडला.

"आली होती. छान होती, सोनेरी कडा होती. लिंडरोस व्यायला आली होती तेव्हा. मला वाटलं तुला कळेल."

लिंडरोस गाय आहे, हे मला आठ वर्षांनी कळलं.

हिल्दूर, मी उठून गोठ्यामागे गेले ते रागावून नव्हे. मोठ्याने हसायला बंदी आहे, म्हणून गेले. भिंतीला टेकून, तोंडावर दोन्ही हात दाबून, आवाज न करता हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. आठ वर्षं! आठ वर्षं मी तुझ्या रागाशी मनातल्या मनात भांडत होते. दर शनिवारी आगदाचा रुमाल बांधताना वाटायचं, तिकडे हिल्दूर रेडिओ बंद करत असेल. आणि तू मात्र रेडिओला कान लावून बसायचीस आणि म्हणायचीस, जरा लांब झाला. गप्प बसण्याचा अर्थ इथे भांडण असा होत नाही, हे मी कधी विसरले? तिकडे दोन दिवस कुणी फोन केला नाही तर तो वैरी झाला असं समजायचं. तीच सवय मी इथे घेऊन आले.

परत आले तेव्हा तू भाकरीवर लोणी लावत होतीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "गवतात बसली होतीस का? स्कर्ट हिरवा झालाय."

सुटले मी, हिल्दूर. लिहून ठेवते: सुटले.

टीरा

ग्रानलीडेन, २५ जून

हिल्दूर,

हे पत्र साखरेच्या डब्याखाली ठेवून मी बस पकडणार आहे. तू बसपर्यंत येणार नाहीस. आता मला त्याचं वाईटही वाटत नाही.

परवाच्या मिडसमरचं लिहायचं होतं. तू तिथेच होतीस हे खरं, पण तू माझ्याकडे पाठ करून बटाटे वाढत होतीस. माझ्या बाजूने ते कसं होतं ते तुला दिसलं नसेल.

फुलापानांचा खांब उभा राहिला, पोरंटोरं त्याच्याभोवती उड्या मारून दमली, आणि हेलमेर बाकावर चढला. दुकानात तराजूमागे उभा असतो तेव्हा शांत असतो, पण सणाला त्याला भाषण येतं. "मंडळी! आज आपल्यात आपल्या गावची मुलगी आहे, जिला अख्खा स्वीडन ओळखतो! ती आता आपल्याला एक गाणं..."

टाळ्या पडल्या. सगळं गाव माझ्याकडे वळलं. माझी पाटी घरी. मी मान हलवली तर लोकांना वाटलं, लाजते. पुन्हा टाळ्या. मी घशाला हात लावला. कुणीतरी म्हणालं, "भाव खातेय." आणि पुढच्या क्षणी माझ्या तोंडून खरंच सूर निघाला असता, हिल्दूर. चोवीस वर्षांची सवय आहे, टाळ्या वाजल्या की गळा आपोआप उघडतो. श्वास भरलासुद्धा होता. एक सूर, आणि सगळ्या आठवड्यांची मेहनत मातीत.

तेवढ्यात तू बटाट्याचा डाव हातात घेऊन पुढे आलीस. तू! सणाला चार माणसांत कधी तोंड न उघडणारी! म्हणालीस, "तिचा आवाज गाभण आहे. दार उघडायचं नाही."

गाव इतकं हसलं की हेलमेर बाकावरून उतरला. पण मग कुणी काही विचारलं नाही. गाभण म्हटलं की इथे सगळे बाजूला होतात. म्हातारा एदवीन माझ्यासाठी हेरिंग मासळीची बशी घेऊन आला आणि म्हणाला, "सांभाळ." मला ते इतकं लागलं की हेरिंग मुळातच खारट होतं की माझ्या आसवांनी झालं, ते कळलं नाही.

आणि घरी आल्यावर तू चूल पेटवता पेटवता विचारलंस, "आणि नाहीच आला तर?"

इतक्या आठवड्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. हॅलग्रेन म्हणाला वेंडेलाला विचारीन, ओडेनबाई ओरडून म्हणाल्या येईल, डॉक्टर म्हणाले बघू. तू एकटीने विचारलंस. मी पाटीवर लिहिलं, "मग मी कुणीच नाही."

तू चष्म्याशिवाय वाचलंस, म्हणून पाटी लांब धरलीस. म्हणालीस, "मूर्ख आहेस. मग गोठ्यात जागा आहे. दूध तू वाईट काढत नव्हतीस. घाई करायचीस एवढंच."

आणि तू भांडी घासायला लागलीस. मी तिथेच बसून राहिले. घशाला लावलेला हात खाली आला होता, हे मला नंतर कळलं. भीती गेली असं म्हणणार नाही. पण तिला आता तळ आहे. पडले तर कुठे पडणार ते मला माहीत झालं, आणि तिथे गायी आहेत, तू आहेस, आणि कॉफी आहे. पंधरा वर्षांच्या मुलीसारखी झोपले त्या रात्री.

बस आली वाटतं. डब्याखाली ठेवते. खिडकीतून तुझी पाठ बघून घेतली.

टीरा

स्टॉकहोम, २८ जून

प्रिय हिल्दूर,

सगळ्यांत आधी हे, की संध्याकाळी फोन मी ठेवला नाही. तो इथल्या एक्स्चेंजच्या बाईने तोडला. कसा, ते शेवटी सांगते, कारण क्रमाने सांगितलं नाही तर तू मधूनच उठून गोठ्यात जाशील.

डॉक्टर थुलीन दक्षिणेकडचे. तोंडात गरम लापशी असल्यासारखे बोलतात. आणि जुन्या वळणाचे इतके की समोरच्या माणसाला 'तुम्ही'सुद्धा म्हणत नाहीत. "बाईंनी तोंड उघडावं. बाईंनी जीभ धरावी." आरसा आत गेला. मी छतावरचा एक डाग बघत होते, आणि मनात लिंडरोसचं नाव घेत होते. का, ते विचारू नकोस.

"छान," ते म्हणाले. "जखम भरली आहे. आता बाईंनी 'हो' म्हणावं. अगदी हलकेच."

मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. "बाईंनी घाबरू नये. सावकाश. हो."

मी पुन्हा म्हणाले. जरा ठासून.

त्यांनी आरसा खाली ठेवला. हात पुसले. मोठा सुस्कारा टाकला आणि नर्सला म्हणाले, "बाईंची आज तयारी दिसत नाही. आपण पुढच्या आठवड्यात..."

"अहो, दोनदा म्हटलं की!"

नर्सच्या हातातला ट्रे तसाच. मला आधी कळलंच नाही कोण बोललं. वाटलं, दारात कुणीतरी रागीट बाई आली आहे. मग डॉक्टरांचा चेहरा हळूहळू पसरत गेला आणि त्यांनी विचारलं, "दोनदा? कोणत्या भाषेत?" मी करून दाखवलं. आत ओढलेला, आखूड, तू शिकवलास तसा. ते दक्षिणेकडचे गृहस्थ, त्यांनी स्वतः करून बघितला आणि त्यांना ठसका लागला. मी हसले, हिल्दूर. मोठ्याने हसले! त्यांनी हात वर केला, मग तो खाली घेतला आणि म्हणाले, "हसू द्या बाईंना."

आवाज माझाच आहे. पण जरा खालचा. शेजारच्या खोलीत राहून आल्यासारखा, थोडा खरखरीत.

तिथून थेट थिएटर. हॅलग्रेन पियानोपाशी. त्याने पट्टी दिली, मी सा-सा करत वर चढत गेले. जपून, एकेक पायरी. आणि शेवटच्या गाण्यातला तो वरचा सूर आला नाही. त्याच्या अलीकडेच रस्ता संपला. मी थांबले. हॅलग्रेन पट्ट्यांकडे बघत होता. मागच्या खुर्च्यांत वेंडेला बसली होती, हे मला तेव्हा दिसलं, आणि तिने डोळे मिटले नव्हते.

मी म्हणाले, "दोन पट्ट्या खाली घेऊ या."

"संगीतकार माझा जीव घेईल," हॅलग्रेन म्हणाला.

"खानावळीची मालकीण आहे ती, स्टूरे. बारा वर्षं कोळशाच्या धुरात उभी आहे. तिला वरचा सूर कुठून येणार?"

त्याने दोन पट्ट्या खाली घेतलं. मी गायले. उभी राहून नव्हे, पियानोला टेकून, कॉफी ओतत असल्यासारखी. संपल्यावर तो काही बोलला नाही. नुसता बसून राहिला. एरवी मी घाबरले असते. पण आता मला गप्प माणूस वाचता येतो. मग त्याने पियानोचं झाकण लावलं आणि म्हणाला, "वेंडेला, तू घरी जा, बाळ." आणि ती पोरगी उठली, आणि मला म्हणाली, "टीरा, मला खूप बरं वाटलं. मला ती भूमिका झेपलीच नसती." वेंडेलाबद्दल मी पहिल्यांदा जे लिहिलं होतं ते खोडून टाक. कंबरेचं राहू दे, ते खरं आहे.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्या वरच्या सुराची मला कायम, जुन्या नाटकांतही, भीती वाटायची. प्रत्येक प्रयोगाला, दुपारपासून. लोक टाळ्या वाजवायचे आणि मी मनात म्हणायचे, आज निभावलं. आता तो गेला. गाठीबरोबर काढून टाकल्यासारखा गेला. त्याचं मला रडू यायला हवं होतं. मी नाटकाच्या कॅन्टीनमध्ये जाऊन दोन बन खाल्ले.

आणि शनिवारपासून आगदाचा श्वास आखूड. हेलमेरला सांग.

आता फोनचं. संध्याकाळी लावला. तुमच्या एक्स्चेंजवरच्या आल्माने जोडला, तिला मी म्हटलं "रिसबेर्गांकडे", आणि तिने आवाजावरून ओळखलं नाही. मला जरा गंमत वाटली. तू उचललास. मी म्हटलं, "हिल्दूर, आवाज आला."

आणि तुझ्याकडून: श्शुप्.

एवढंच. पण तू तो आखूड ठेवला नाहीस. मी ऐकला. लांब होता. पार किनाऱ्यापर्यंत.

मग आपण दोघी काही बोललो नाही. मला तुझ्या स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू येत होतं. किटलीचं झाकण. लांबवर गायीची घंटा. तू रिसीव्हर कानाला लावून उभी होतीस, मी इथे खिडकीत, आणि मला इतकं बरं आयुष्यात कुणाशी बोलताना वाटलं नव्हतं.

तेवढ्यात इथली एक्स्चेंजची बाई मधे आली. "बोलणं चालू आहे का?"

मी म्हणाले, श्शुप्. तिकडून तूही म्हणालीस. मी स्पष्ट ऐकलं.

"लाईनवर कुणी नाही," ती म्हणाली, आणि तिने वायर ओढली.

मी पुन्हा लावला नाही. आपलं बोलून झालं होतं.

तुझी,
टीरा